नांगराचे पाप कोणाच्या माथी?

बौद्ध भिक्खूंसाठी विनयात एक नियम आहे. भिक्खूने स्वतः जमीन खणू नये आणि दुसऱ्याकडून खणवूनही घेऊ नये. हा नियम कसा झाला तेही तिथेच सांगितले आहे. आळवीचे भिक्खू बांधकामासाठी जमीन खणत होते. ते पाहून लोकांनी नावे ठेवली, की हे स्वतःला श्रमण म्हणवतात आणि एकेंद्रिय जीवाला इजा करतात. त्यावरून बुद्धांनी खणण्याला मनाई केली. माती सजीव आहे असा निर्वाळा मात्र त्यांनी दिला नाही. लोक मातीत जीव मानतात, तेव्हा भिक्खूने असे वागू नये, एवढ्यावर विषय थांबतो. भंडारा जिल्ह्यात पवनीला, वैनगंगेच्या अंगाला, 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीखालचा भला मोठा स्तूप उजेडात आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पवनीत राहणाऱ्या भिक्खूंनाही हा नियम लागू असणार. त्यांच्या पात्रात पडणारे अन्न मात्र कोणीतरी जमीन उकरून, तुडवूनच पिकवत होते. दुसऱ्या कोणी खणलेच नाही, तर न खणण्याचे व्रत चार दिवसही टिकायचे नाही, ही अडचण त्या नियमाच्या पोटातच आहे.

ती एकट्या बौद्धांची नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीबद्दल असा अभिप्राय आहे, की काही जण तिला चांगली म्हणतात खरे, पण लोखंडी तोंडाचे लाकूड जमिनीला आणि जमिनीतल्या प्राण्यांना मारते म्हणून सज्जन तिची निंदा करतात. ब्राह्मण-क्षत्रियांनी अडचणीच्या काळातही ती होता होईल तो टाळावी. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने मोजली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्यांच्या परिमार्जनासाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत आणि त्यांतला एक भूतयज्ञ आहे, म्हणजे मुंगी-कावळ्यापर्यंत सगळ्या प्राणिमात्रांना अन्नाचा वाटा देणे. चुलीचे पाप असे घरातल्या घरात, रोजच्या रोज फेडता येते. नांगर त्या पाचांत नाही. तो ज्याच्या हाती, त्याच्या माथी पाप ठेवून ग्रंथ पुढे सरकतो. जैन विचारवंतांनी याहून फार बारकाईने काम केले. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची चार प्रकारांत वाटणी करून, उपजीविकेसाठी जी घडते ती उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. जमीन फोडण्याचा धंदा श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांत मोडतो, आणि तरीही माणसाला शेती शिकवली ती आदिनाथ ऋषभदेवांनीच, असेही परंपरा सांगते. ही ओढाताण त्यांनी लपवली नाही, याबद्दल त्यांना मानलेच पाहिजे.

पण या सगळ्या मांडणीत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे. मातीतल्या जीवांशी माणसाचे नाते एकच: मारणे किंवा न मारणे. मारले तर पाप, टाळले तर पुण्य, टाळता आले नाही तर सवलत. मला वाटते, नेमके हे गृहीतच मातीच्या बाबतीत टिकत नाही. मातीतल्या जिवाणूंबाबत माणसाचे कर्तव्य आहे, याविषयी मला शंका नाही. पण ‘मारू नये’ या शब्दांत ते मांडताच येत नाही. ‘उपाशी ठेवू नये’ असे म्हटले तर ते मांडता येते, तपासता येते आणि पाळताही येते. अहिंसेपेक्षा भूतयज्ञाच्या जवळ जाणारे असे हे कर्तव्य आहे.

‘मारू नये’ का चालत नाही, ते पाहायला धानाच्या बांधीइतकी चांगली जागा नाही. भंडारा जिल्ह्याच्या साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, तुमसर आणि भंडारा या सातही तालुक्यांत पावसाळ्याचे मुख्य पीक धानच. रोवणीआधी बांधीत पाणी तुंबवून चिखलणी करतात. मूठभर चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या अब्जांनी मोजावी लागते. चिखलणीनंतर काही दिवसांतच त्या मातीतली हवा संपते आणि प्राणवायूवर जगणारे जिवाणू कोट्यवधींनी मरतात किंवा निपचित पडतात. त्याच वेळी प्राणवायूवाचून जगणाऱ्यांचे राज्य सुरू होते. पाण्याला लागून असलेला वरचा काही मिलिमीटरचा थर तेवढा हवेशीर राहतो, त्याखाली काळपट, निर्वात चिखल. साचलेल्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ वाढते. शेवाळ म्हणायचे सवयीने, खरे तर तेही जिवाणूच. ते हवेतला नत्र बांधून धानाला पुरवते. पी. के. डे यांनी 1939 साली हे दाखवून दिले आणि पुरेसे खत न घालताही धानाच्या शेतात शतकानुशतके काही ना काही पिकत कसे राहते, या कोड्याचा मोठा भाग सुटला. कार्तिकात बांधी सुकली की उलटा फेरा: निर्वातातले गप्प, हवेतले जागे. म्हणजे एका हंगामात एका बांधीत जी मरणे होतात, त्यांच्यापुढे नांगराच्या फाळाने होणारी हिंसा हिशेबातही येत नाही. आणि ही मरणे म्हणजे मातीचे नुकसान नव्हे. ज्याला आपण मातीचा कस म्हणतो, त्या सेंद्रिय भागाचा मोठा वाटा मेलेल्या जिवाणू-बुरशींच्या देहांचाच असतो, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. माती जिवंत असते ती तिच्यातल्या मरणांवर. अशा ठिकाणी मरणे मोजून पाप-पुण्य ठरवायला बसले, तर चिखलणी करणारा शेतकरी महापापी ठरेल आणि पावसाळा त्याहून मोठा पापी.

जीव आणि जड अशी वाटणीही मातीत अडते. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पहिल्या शिष्यांपैकी नीळभट्ट भांडारेकार या भंडाऱ्याच्याच नावाने ओळखले जातात. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून वेगळे मानले आहेत. जड सृष्टी प्रपंचात येते. पंथाचा मुख्य प्रश्न जीवाच्या मोक्षाचा आहे आणि त्यासाठी ही विभागणी नेमकी आहे. पण ओंजळभर माती हातात घेऊन यातला जीव कुठला आणि प्रपंच कुठला असे विचारले, तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. कालचा जीव आजचा कस आहे आणि आजचा कस उद्याच्या जीवाचे अन्न. मोक्षविचाराला याने काही बाधा येत नाही. पण मातीशी वागण्याचा धर्म ठरवायचा असेल, तर एकेका जीवाकडे पाहून भागणार नाही. हे फिरते चक्र चालू राहते की नाही, तिकडे पाहावे लागेल.

आता जिवाणू खताच्या पाकिटाकडे वळू. ऱ्हायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू ही नावे आता कृषी केंद्राच्या फळीवर सर्रास दिसतात. जिवाणू खते 2006 साली खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. पावडर स्वरूपातल्या खतात दर ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत, असे प्रमाण ठरले. म्हणजे 250 ग्रॅमच्या पाकिटात कमीत कमी 1250 कोटी जीव. कायद्याने जिवंतपणा मोजून मागावा, असे दुसरे खत नाही. युरिया मेला का, असे कोणी विचारत नाही. गुळाच्या पाण्यात हे पाकीट कालवायचे, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. धानाला रोवणीच्या आधी पऱ्ह्यांची मुळे द्रावणात बुडवून घेतात. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. उन्हात ठेवू नये, रासायनिक खतात मिसळू नये. या सूचना वाचताना जाणवते, की इथे वस्तू वापरण्याची भाषा अपुरी पडते आहे. ऊन लागेल, उपास घडेल, विष बाधेल अशी काळजी ज्याच्याबाबत घ्यावी लागते, त्याला निविष्ठा म्हणणे कागदोपत्री ठीक आहे.

मात्र म्हणून ‘मित्र जिवाणू’ म्हणत गहिवरण्याचेही कारण नाही. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी उभ्या पिकातच, ओल्या चिखलावर लाखोरी या कडधान्याचे बी फेकून देतात. ही उतेरा पद्धत. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येते. महिना-दीड महिन्याचे लाखोरीचे रोप मातीसकट अलगद उपटले आणि मुळे पाण्यात धुतली, तर त्यांना चिकटलेल्या बारीक, लांबोळ्या गाठी दिसतात. नखाने गाठ फोडावी. आत गुलाबी-लाल रंग असेल तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. नत्र बांधणारे विकर मोकळ्या प्राणवायूने निकामी होते आणि जिवाणूला तर श्वासासाठी प्राणवायू हवाच, म्हणून रोप हे लाल द्रव्य तयार करून त्याला मोजूनमापून प्राणवायू पुरवते. सोबत साखर देते. बदल्यात नत्र घेते. आणि किंमत? वाटाणा, मसूर, लाखोरी या कुळातल्या गाठींत शिरलेले जिवाणू फुगतात, त्यांचे रूप बदलते आणि त्यांना पुन्हा कधी पुनरुत्पादन करता येत नाही. बाहेर मातीत परततात ते न बदललेले थोडे. सोयाबीनवरचा एक प्रयोग 2003 साली टोबी कायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून टाकला, म्हणजे जिवाणू काम करूच शकणार नाहीत असे केले. रोपाने त्या गाठींचा प्राणवायू आखडता घेतला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ निम्म्यावर आली. कामचुकाराला मजुरी नाही. जिला आपण मैत्री म्हणतो तिच्यात इतकी कडक देवाणघेवाण आहे. निसर्गातल्या सहकार्याकडे बोट दाखवून माणसाला प्रेमाचे धडे देणारे लेखन पुष्कळ होते. त्याने ही गाठ फोडून पाहिलेली नसते.

तेव्हा जिवाणूचे आपल्यावर प्रेम नाही, आपण त्याच्यावर करावे अशी सक्तीही नाही. मग कर्तव्य कशाचे? या देवाणघेवाणीत एक गोष्ट मात्र पक्की आहे: कोणीही उपाशीपोटी काम करत नाही. गाठीतल्या जिवाणूला रोपाची साखर मिळते. मुळांभोवतीच्या मातीतले ॲझोस्पिरिलम मुळांतून पाझरणाऱ्या रसावर जगते. मोकळ्या मातीतल्या ॲझोटोबॅक्टरला कुजणारा काडीकचरा लागतो, आणि हवेतला थोडासा नत्र बांधण्यासाठी त्याला भरपूर कर्ब जाळावा लागतो. जिवाणू खताचा गुण येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पाकीट मुळातच मेलेले असणे हे एक कारण. दुसरे कारण असे, की ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेला आहे, तिथे हे हजारो कोटी पाहुणे उतरतात आणि घरात दाणा नसतो. आधीपासून तिथे राहणारे चिवट जिवाणू आहे ते खाऊन टाकतात, नवे उपासमारीने संपतात. पाप म्हणायचेच असेल, तर माझ्या मते ते इथे आहे. नांगराने मेलेल्या जिवाणूंचा देह मातीतच राहतो, दुसऱ्याच्या कामी येतो. धान गेले, तणस गेली, हार्वेस्टरने उरवलेली धसकटे पेटवली आणि परत काहीच आले नाही, तर पुढच्या पिढ्यांचे अन्नच तुटते.

अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यामागचा विचार त्यांनी पुढे परतफेडीचा नियम म्हणून मांडला: जमिनीतून घेतले ते जमिनीला परत गेले पाहिजे. हॉवर्ड भारतीय शेतकऱ्याला आपला गुरू म्हणत. भंडाऱ्यात ही परतफेड एका संस्थेच्या रूपाने उभी होती, ती म्हणजे तलाव. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव आज माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणून ओळखले जातात. त्यांचे सिंचन सर्वांना माहीत आहे. पण तलावात साठतो तो पाण्याबरोबर वाहून आलेला गाळही, म्हणजे वरच्या रानाची आणि शेतांची सुपीक माती, पाला, शेण. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की तो गाळ बैलगाड्यांनी पुन्हा बांधीत जाई. मालगुजारी 1950 नंतर संपली, तलाव सरकारकडे आले, गावाचा त्यांच्यावरचा हात निघाला आणि गाळ तळाशीच बसून राहिला. मालगुजारीचा काळ न्यायाचा होता असे नाही. गाळ वाहणारे हात बहुतेकदा दुसऱ्याच्या शेतासाठी वाहत. पण परतफेडीची व्यवस्था मोडली, आणि तिच्या जागी दुसरी उभी करायला कोणाला सवड झाली नाही.

या कर्तव्यावर घेता येणारा पहिला आक्षेप सरळ आहे. जिवाणूला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, वेदना नाही. ज्याला दुःख होऊ शकत नाही त्याच्याबाबत कर्तव्य कसले? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, पण एकेका जिवाणूपुरताच. तशी कर्तव्याची मागणी मी केलेलीच नाही. ऋणाची कल्पना आपल्याकडे वेदनेवर कधीच उभी नव्हती. ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्याने ऋषींना किंवा मेलेल्या पूर्वजांना आज दुखते का, असे विचारलेले नाही. आपण ज्यावर जगतो ते आपण निर्माण केलेले नाही आणि आपल्यानंतरच्यांनाही ते लागणार आहे, एवढ्या दोन गोष्टींवर ऋण उभे राहते. मातीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी शब्दशः खऱ्या आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दिल्यावाचून भोगणाऱ्याला चोर ठरवले आहे. देवांची गोष्ट बाजूला ठेवली, तरी त्या विचाराचा सांगाडा उभा राहतो आणि मातीला जसाच्या तसा बसतो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या तोंडचा आहे आणि तो अधिक अवघड. जिवाणू जिवाणू म्हणता, मग कडाकरपा कशाने येतो? तोही जिवाणूच. झँथोमोनास धानाच्या पानाच्या कडेने शिरतो, कडा पिवळ्या पडत पान करपत जाते आणि पसरला की लोंबीत दाणा भरत नाही. त्यालाही वाटा द्यायचा? नाही. चक्र चालू ठेवणे म्हणजे चक्रातल्या प्रत्येकाला मोकळे रान देणे नव्हे. बांधीतले पाणी काढणे, प्रतिकारक वाण घेणे, रोगट तणस शेतात न ठेवणे हे सगळे करायलाच हवे, आणि त्यात मरणाऱ्या झँथोमोनासबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. जैनांच्या विरोधी हिंसेच्या कोटीत हे सहज बसेल. नोंदवण्यासारखी एक गोष्ट आहे. कडाकरपा माजतो तो बहुधा नत्राचा अतिरेक झालेल्या, लुसलुशीत वाढलेल्या धानात. आपण ज्याला शत्रू म्हणतो त्याला जेवायला बोलावणारेही अनेकदा आपणच असतो.

तिसरा आक्षेप असा, की यात धर्म आणायचा कशाला? मातीचा कस राखणे शेतकऱ्याच्या फायद्याचेच आहे. त्याला फायदा समजावून सांगा, ऋण-यज्ञाची भाषा पुरे. ज्याची जमीन स्वतःची आहे, ज्याला दहा वर्षे थांबता येते, त्याला हे लागू आहे. पण ठेक्याने किंवा बटईने बांधी करणाऱ्याला पुढच्या वर्षी ती त्याच्याकडे राहील याची खात्री नसते. आज ताग किंवा धैंचा गाडण्याचा, धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलात तुडवण्याचा खर्च त्याचा, कस वाढणार तो दुसऱ्याच्या हाती. त्याच्या फायद्याचा हिशेब त्याला युरियाकडेच नेतो आणि तो हिशेब चूक नाही. अनुदानामुळे 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. धानाच्या चिखलात टाकलेल्या युरियातला जेमतेम तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के नत्र पिकाला लागतो. बाकीच्याचा काही भाग निर्वात थरातले जिवाणूच वायू करून हवेत सोडून देतात. तरीही एवढ्या किमतीत तो परवडतो. जिथे करणारा एक आणि फळ घेणारा दुसरा, तिथे स्वार्थ पुरत नाही, आणि धर्माची भाषा नेमकी अशाच जागांसाठी असते. झाड लावणे, विहीर बांधणे यांना पुण्य म्हणावे लागले, ते त्यांचा फायदा लावणाऱ्या-बांधणाऱ्याला पुरता मिळत नाही म्हणूनच.

धर्माची भाषा आणली की तिच्याबरोबर येणारे धोकेही स्वीकारावे लागतात. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा प्रचार केला आणि जीवामृत घरोघरी पोचवले. 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेतकऱ्याला बाजारातून सोडवण्याची त्यांची तळमळ खरी आहे, आणि कृतीतली बांधावरची माती व गूळ-बेसन तर माझ्या मुद्द्याचीच साक्ष देतात: बाहेरचे बी आणि वर त्याचे अन्न. पण गुण देशी गाईच्याच शेणात, म्हशीच्या किंवा संकरित गाईच्या नाही, असे सांगितले जाते तेव्हा श्रद्धेने पुराव्याची जागा घेतलेली असते. हवेत नत्र अमाप आहे म्हणून पिकाला काही कमी पडणार नाही, हे विधानही अर्धेच खरे. तो नत्र बांधायला लागणारा कर्ब कुठून येतो, याचा हिशेब द्यावाच लागेल. मातीबद्दलचे कर्तव्य तपासता येणारे असले पाहिजे, असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी. पोळ्याला बैलाची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी त्याला वैरण टाकली की नाही, हे डोळ्यांनी दिसते. जिवाणूचा सण नाही, हे एका परीने बरेच आहे. त्याला वाटा मिळाला की नाही, ते माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात दिसते आणि तिथे भक्तीचे गुण मिळत नाहीत.

सगळ्यांत वजनदार आक्षेप भुकेचा आहे. कारखान्यात नत्र बांधण्याची हाबर-बॉश पद्धत 1913 पासून चालू झाली आणि आज जगातली अंदाजे निम्मी माणसे तिच्या नत्रावर जगतात. धानाच्या सुधारित वाणाला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस असते. जिवाणू खताने त्यातला पाचवा, फार तर चौथा हिस्सा वाचतो, तोही जमीन चांगली असेल तर. उरलेल्याचे काय? ज्याच्या घरी दोन एकर धान आहे त्याला उत्पादन घटवून ऋण फेडायला सांगणे हा निर्लज्जपणा होईल. मी तसे सांगणार नाही. युरिया हे पाप नव्हे. परत काहीच न देता नुसत्या युरियावर जमीन चालवणे हा दोष आहे, आणि तो दोष एकट्या शेतकऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. इथे आपण पुन्हा मनुस्मृतीपाशी येतो. नांगर निंद्य ठरवणारे नांगराचेच खात होते. भिक्खूंनी निदान त्याबद्दल शेतकऱ्याला दूषण दिले नाही. आज शहरात बसून ‘शेतकऱ्यांनी विष घालून जमीन मारली’ असे म्हणणारा मनूच्याच सज्जनांच्या पंगतीत बसलेला आहे.

खाणाऱ्याचा वाटा किती ठोस आहे, ते लाखोरीच्याच गोष्टीत दिसते. या डाळीत मज्जातंतूंना बाधणारे द्रव्य असते. दुष्काळात महिनोन् महिने तीच खावी लागलेल्या गरिबांचे पाय लुळे पडले, हे खरे आहे, आणि त्यावरून 1960 च्या दशकात तिच्या विक्रीवर बंदी आली. मिश्र आहारात थोडी खाल्ली तर धोका नसतो, असे मत पुढे बळावले. रतन, प्रतीक असे कमी विषारी वाण आले आणि महाराष्ट्राने पुढे बंदी उठवली. मधल्या अर्ध्या शतकात पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याने ती पेरणे पूर्ण सोडले नाही, पण बांधीला नांगर न लावता, खत न घालता नत्राचा वाटा परत करणारे हे पीक बाजारात चोरट्यासारखे वावरले. आजही केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत हरभरा, तूर, मूग, उडीद, मसूर आहेत, लाखोरी नाही. धान आहे, आणि ते सरकार खरेदी केंद्रांवर विकतही घेते. शिवाय राज्य सरकार धान उत्पादकांना बोनस देत आले आहे. 2023 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात हेक्टरी 20 हजार रुपये जाहीर झाले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. क्विंटलऐवजी हेक्टरवर बोनस द्यायचे ठरले, त्याअर्थी जमिनीचे क्षेत्र सातबाऱ्यावर पाहून पैसे देण्याची यंत्रणा सरकारपाशी आहे. त्याच क्षेत्रात धानानंतर लाखोरी किंवा हरभरा पडला का, तणस जाळली की कुजवली, तलावाचा गाळ उचलला का, हे विचारून ठेक्याने कसणाऱ्या शेतकऱ्याच्या नावे बोनसचा एक भाग त्यासाठी वेगळा ठेवला, तर भूतयज्ञाचा खर्च पहिल्यांदाच खाणाऱ्यांच्या करातून निघेल.